वाचक विचारतात: जुने स्पीकर नव्या कॉम्प्युटरला जोडायचे कसे?

मागच्या अंकात नवा कॉम्प्युटर घेताना काय बघावं ते लिहिलं होतं आणि शेवटी एक ओळ टाकली होती की घरातले जुने स्पीकर भंगारात देऊ नका, ते बहुतेक वेळा जोडता येतात. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि मेसेज आले की मला खरंच भरून आलं, कारण जवळजवळ प्रत्येकाच्या माळ्यावर एक जोडी आहे आणि ती कुणालाच टाकवत नाहीये. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. नावं देत नाही, फक्त गाव देतो.

सातारा, निवृत्त शिक्षिका

"ह्यांनी १९८६ मधे बोनसच्या पैशातून टेपडेक, ॲम्प आणि दोन लाकडी स्पीकर असा सेट घेतला होता. टेप आणि ॲम्प कधीच गेले, स्पीकर मात्र शाबूत आहेत. आता हे नाहीत. मुलाने मला नवा कॉम्प्युटर पाठवलाय. स्पीकरच्या मागून नुसत्या दोन दोन वायरी येतात, लाल आणि काळी, पुढे पिन वगैरे काही नाही. दुकानात दाखवायला नेले तर तिथला मुलगा म्हणाला आजी हे आउटडेटेड झालं, कॉम्प्युटरला चालत नाही, ब्लूटूथवाला घ्या. खरंच चालणार नाहीत का? मला त्याच्यावर वसंतरावांची नाट्यपदं ऐकायची आहेत."

बाई, चालतात. आणि आउटडेटेड हा शब्द स्पीकरला लावूच नका, कारण कोनच्या (म्हणजे समोर दिसणाऱ्या शंकूच्या) मागे तारेचं वेटोळं, वेटोळ्याभोवती लोहचुंबक, करंट आला की कोन पुढेमागे हलणार, ही स्पीकरची रचना १९२५ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधे राइस आणि केलॉग या दोघांनी मांडली आणि आज दुकानात मिळणारे बहुतेक सगळे स्पीकर अजून त्याच तत्त्वावर चालतात. शंभर वर्षं झाली. कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलतो, विंडोज बदलतं, पण तुमच्या लाकडी डब्यातला तो कागदी कोन यातल्या कशाशीही बांधलेला नाही, त्याला फक्त करंट पाहिजे.

अडचण आहे ती त्या करंटची. मी प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारतो की तुमच्या स्पीकरची वायर भिंतीतल्या प्लगमधे जाते का. जात असेल तर आत ॲम्प्लिफायर (थोडक्यात ॲम्प, म्हणजे आवाजाचा कमजोर करंट वाढवणारं सर्किट) आहे आणि काम पाच मिनिटांचं आहे. जात नसेल, जसं तुमचं आहे, तर आत नुसता स्पीकर आहे आणि ॲम्प वेगळा लागतो. कॉम्प्युटरच्या हेडफोनच्या भोकातून जी ताकद येते ती मिलीवॅटमधे, म्हणजे वॅटच्या हजाराव्या हिशोबात असते. कानाला लावलेल्या हेडफोनला ती भरपूर झाली, पण खोली भरायला निदान एक-दोन वॅट तरी पाहिजेत. म्हणून कुणी हौसेने लाल-काळ्या वायरीला ३.५ मिमीची पिन लावून थेट कॉम्प्युटरमधे घातली तर डासासारखा आवाज येतो आणि लोकांना वाटतं स्पीकर गेले. स्पीकर गेलेले नसतात, ते उपाशी असतात.

आधी स्पीकर जिवंत आहेत का ते बघू. एक साधा पेन्सिल सेल घ्या, दीड व्होल्टचा, आणि स्पीकरच्या दोन वायरी त्याच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा, धरून ठेवू नका. खट असा आवाज आला आणि कोन थोडा हलला की समजायचं वेटोळं शाबूत आहे. त्याच वेळी अजून एक गोष्ट बघून घ्या: सेलची बटणासारखी बाजू लाल वायरीला लावल्यावर कोन बाहेर आला पाहिजे. दोन्ही स्पीकरचं हे बघा. एकाचा बाहेर येत असेल आणि दुसऱ्याचा आत जात असेल तर त्याच्या वायरी कधीतरी उलटसुलट झाल्यात, तसेच जोडले तर दोघं एकमेकांच्या विरुद्ध हवा ढकलतात आणि तबल्याचा बायाँ जवळजवळ गायब होतो. कितीतरी घरांत वर्षानुवर्षं असं चालू असतं आणि लोक म्हणतात आवाज पातळ आहे.

आता ॲम्प. तुम्हाला मोठा डबा घ्यायची गरज नाही. हल्ली तळहाताएवढे तयार ॲम्प मिळतात, आतमधे टीपीए ३११६ नावाची चिप असते, १२ ते २४ व्होल्टवर चालतात, आणि गंमत म्हणजे घरात पडलेल्या जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर त्यांना बऱ्याचदा चालतो, फक्त ॲम्पवर किती व्होल्ट लिहिलंय ते आणि पिनच्या आतलं प्लस बाहेरचं मायनस जुळतंय ना ते मुलाला व्हिडिओ कॉलवर दाखवून मगच लावा. याहून स्वस्त एक ५ व्होल्टचं बोर्ड येतं, पीएएम ८४०३, त्याची ताकद फार फार तर ३-३ वॅट, टेबलावर बसून ऐकायला पुरतं, पण ते घेतलंत तर त्याला वीज मोबाइलच्या वेगळ्या चार्जरवरून द्या, त्याच कॉम्प्युटरच्या यूएसबीवरून दिली की माउस हलवला तरी आत किरकिर ऐकू येते.

जोडणी अशी: कॉम्प्युटरच्या हिरव्या भोकातून केबल ॲम्पच्या इनपुटला, आणि ॲम्पच्या मागच्या चार स्क्रूंना तुमच्या चार वायरी. वायरीचं टोक सेंटिमीटरभर सोला, तांब्याला पीळ द्या म्हणजे सुटा केस शेजारच्या स्क्रूला लागणार नाही, लाल प्लसला, काळी मायनसला. आणि बाई, हे एक वाक्य अधोरेखित करून ठेवा: दोन्ही स्पीकरच्या काळ्या वायरी एकमेकींना जोडू नका. जुन्या ॲम्पमधे दोन्ही मायनस आतून एकच असायचे म्हणून तेव्हाचे मेकॅनिक तीन वायरींवर दोन स्पीकर चालवायचे, पण या नव्या छोट्या ॲम्पमधे मायनसवरही करंट असतो, काळ्या वायरी एकत्र केल्या की चिप जाते. चार वायरी, चार स्क्रू, बस.

आवाज वाढवताना आधी कॉम्प्युटरचा ऐंशी टक्क्यांपर्यंत न्या आणि मग ॲम्पचं बटण शून्यापासून हळूहळू फिरवा. त्या स्पीकरमधून तंबोरा भरलेला ऐकू येईल, चपट्या ब्लूटूथच्या डब्यातून तो तसा येत नाही. जोडून झालं की मला नक्की कळवा.

पुणे, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

"सर, बाबांचा २००९ चा ५.१ सेट आहे, सबवूफर आणि पाच छोटे. मागून तीन पिना येतात, हिरवी, केशरी, काळी. माझ्या लॅपटॉपला एकच भोक आहे. हिरवी घातली तर पुढचे दोनच वाजतात."

अरे, तुझं काहीच बिघडलेलं नाही. हे रंग १९९९ च्या सुमाराला पक्के झाले, इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने मिळून पीसी ९९ नावाचा नियमांचा संच काढला त्यात: हिरवा पुढच्या दोन स्पीकरसाठी, काळा मागच्या दोन, केशरी मधला आणि सबवूफर (बेसचा मोठा डबा), गुलाबी माइक, फिकट निळा बाहेरून आवाज आत घ्यायला. प्रत्येक पिनेत दोन चॅनेल (आवाजाच्या दोन वेगळ्या वाटा), तीन पिना म्हणजे सहा. लॅपटॉपच्या एका भोकात हेडफोनचे दोन चॅनेल आणि हेडसेटचा माइक एवढंच बसतं, सहा बसत नाहीत.

रस्ते दोन आहेत. खरा ५.१ पाहिजे, म्हणजे पिक्चरमधलं हेलिकॉप्टर मागून यायला पाहिजे, तर ५.१ किंवा ७.१ चं यूएसबी साउंडकार्ड घे, त्याला तिन्ही रंगांची भोकं असतात, विंडोजच्या साउंड सेटिंगमधे जाऊन ५.१ निवड. घेताना एक बघ, नुसतं "७.१" लिहिलेलं पण बाहेर एकच हिरवं आणि एक गुलाबी भोक असलेलं स्वस्त कार्ड मिळतं, तो सॉफ्टवेअरने केलेला भास आहे, तुझ्या तीन पिनांना त्याचा उपयोग नाही.

आणि नुसती गाणी ऐकायची असतील तर स्प्लिटर वापर, एक पिन आत आणि बाहेर दोन-तीन भोकं. तोच स्टिरिओ आवाज तिन्ही पिनांना दे. मधल्या स्पीकरला फक्त डावा चॅनेल आणि सबवूफरला फक्त उजवा जाईल (किंवा सेटप्रमाणे उलट), पण गाण्यातला बेस बहुतेक वेळा दोन्हीकडे सारखाच असतो त्यामुळे सब छान वाजतो. मधला खटकला तर त्याचा आवाज कमी कर. एकच खबरदारी, एका आउटपुटचे अनेक इनपुट चालतात, पण दोन कॉम्प्युटरचे आउटपुट स्प्लिटरने एकत्र करून एका सेटला द्यायचे नाहीत, ते एकमेकांना ढकलत बसतात.

कोल्हापूर

"भावा, वडिलांचा जुना भारी ॲम्प हाय, चालूय. मागं एक गोल सॉकेट पाच भोकांचं आणि एका बाजूला फोनो लिहिलेली लाल-पांढरी भोकं. मित्रानं फोनोत केबल घातली तर आवाज फाटलाच, नुसता घुमतोय. ॲम्प गेला का?"

गेला नाही, पण फोनोतली केबल आधी काढा. फोनो हे रेकॉर्ड प्लेअरसाठी असतं. रेकॉर्डच्या सुईतून येणारा सिग्नल साधारण ५ मिलिव्होल्ट आणि कॉम्प्युटरमधून येणारा एक व्होल्टच्या आसपास, म्हणजे दोनशे पट, मग आवाज फाटणारच. शिवाय रेकॉर्ड कापताना बेस मुद्दाम कमी आणि वरचे सूर मुद्दाम जास्त ठेवतात म्हणजे खाच अरुंद राहते आणि खरखर दबते, १९५४ पासून त्याचं एकच माप ठरलंय, आणि फोनोच्या भोकामागचं सर्किट वाजवताना ते बरोबर उलटं करतं. कॉम्प्युटरच्या आवाजात असलं काही केलेलं नसतं, त्यामुळे उलटं केल्यावर नुसता ढबढब घुमणारा आवाज उरतो.

तुम्हाला पाहिजे ते पाच भोकांचं गोल सॉकेट. त्याला डिन म्हणतात, जर्मनीतून आलं, आपल्याकडे सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी सेटवर असायचं. डिन ते आरसीए, म्हणजे एका टोकाला पाच पिनांचा गोल प्लग आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढरे, अशी केबल मिळते, पण तयार केबलमधे एक भानगड असते ती सांगतो कारण यात लोक फार अडकतात. टेपच्या सॉकेटमधे मधली पिन, नंबर २, ही ग्राउंड. ३ आणि ५ या पिनांवरून आवाज ॲम्पमधे आत जातो, ३ डावा, ५ उजवा. आणि १ आणि ४ वरून आवाज बाहेर येतो, पूर्वी टेपवर रेकॉर्ड करायला. केबल जर १-४ ला जोडलेली असेल तर तुम्ही बाहेर जाणाऱ्या तोंडात आवाज ओतताय, काहीच ऐकू येणार नाही. पिनांचे नंबर ओळीने नसतात हेही लक्षात ठेवा, सॉकेटकडे समोरून बघितलं तर कडेने १, ४, २, ५, ३ असे जातात. गल्लीतल्या मेकॅनिककडून वायरी ३ आणि ५ ला डाग मारून (सोल्डर करून) घ्या, पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरसाठी ३.५ मिमीची पिनच लावून घेतली तर मधला अडॅप्टरही वाचतो.

लाल-पांढऱ्या भोकांवर ऑक्स, टेप (आवाज आत घेणारं, बाहेर देणारं नव्हे) किंवा ट्यूनर असं काही लिहिलेलं सापडलं तर प्रश्नच मिटला, तिन्ही चालतात, साधी केबल लावा, लाल उजवीकडचा आणि पांढरा डावीकडचा.

फोंडा, गोवा

"नवीन छोटा कॉम्प्युटर घेतला, मॉनिटरला एचडीएमआयने जोडलाय. जुने स्पीकर कॉम्प्युटरच्या हिरव्या भोकात आहेत, लाइट लागते, आवाज शून्य."

मॉनिटर एचडीएमआयने जोडला की विंडोज बऱ्याचदा आवाज मॉनिटरकडे पाठवायला लागतं, मॉनिटरला स्पीकर नसला तरी. खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरच्या चित्रावर क्लिक करा, आवाजाच्या पट्टीशेजारी छोटं बटण आहे, त्यातून यादी उघडते, तिथे हेडफोन किंवा स्पीकर निवडा. झालं. आणि कॉम्प्युटरचं भोक पोचायला अवघड असेल तर मॉनिटरच्या मागे हेडफोनचं भोक आहे का बघा, असलं तर स्पीकर तिथेच लावा, आवाज एचडीएमआयमधून येऊन तिथून बाहेर पडतो. फक्त मॉनिटरच्या मेनूमधे आवाज शून्यावर नाही ना ते तपासा.

ज्यांच्या नव्या मशीनला गोल भोकच नाही, नुसतं टाइप-सी आहे, त्यांनी टाइप-सी ते ३.५ मिमी अडॅप्टर घेताना त्यात डॅक (डिजिटल आवाजाचा स्पीकरला लागणारा सिग्नल करणारी चिप) आहे असं लिहिलेलंच घ्यावं. आतून नुसत्या वायरी असलेले अडॅप्टर काही मोबाइलवर चालतात, कॉम्प्युटरवर सहसा नाही.

नागपूर

"भाऊ, लॅपटॉप ॲम्पला जोडला की हम्म्म असा सतत आवाज येते, गाणं बंद केलं तरी. कोणी म्हणे चार्जरची तिसरी पिन तोडून टाक."

पिन तोडू नका, हात जोडून सांगतो. ती मोठी पिन अर्थिंगची आहे, आत काही बिघडलं आणि करंट बॉडीवर आला तर तुमच्या ऐवजी तो तिथून जमिनीत जातो. हम्म आवाज घालवायला माणसाचा जीव धोक्यात घालायची काही गरज नाही.

आधी हे करा: गाणं लावा आणि लॅपटॉपचा चार्जर काढा. हम थांबला तर कारण सापडलं, लॅपटॉप आणि ॲम्प दोघं वेगवेगळ्या वाटांनी अर्थला जोडलेत आणि तुमची ऑडिओ केबल त्या दोघांमधला पूल झालीय, त्या वेढ्यातून ५० हर्ट्झची वीज फिरते तीच ऐकू येते. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा, कितीतरी वेळा एवढ्यानेच जातो. नाही गेला तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची आगपेटीएवढी डबी मिळते, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ऑडिओ केबलच्या मधे लावायची, गाण्याचा आवाज पलीकडे पोचतो पण तारेला तार लागत नाही. स्वस्त डबीत बेस किंचित कमी होतो, चालवून घ्या.

चार्जर काढूनही हम राहिला तर ऑडिओ केबलच पूर्ण काढून बघा. तरीही येत असेल तर ॲम्पच्या आतले फिल्टरचे मोठे कपॅसिटर सुकलेत, तीस-चाळीस वर्षांनी ते होतंच, मेकॅनिककडून बदलून घ्या, स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही काही वेळ त्यांच्यात करंट राहतो.

डोंबिवली

"मुलगी न्यू जर्सीहून परत आली, तिथले कॉम्प्युटर स्पीकर आणलेत. प्लग बदलून लावू का?"

थांबा, लावू नका. अडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचा. १००-२४० व्होल्ट असं लिहिलं असेल तर खुशाल लावा. नुसतं १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टवर काही सेकंदांत धूर निघतो, त्यासाठी २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, स्पीकरवर जेवढे वॅट लिहिलेत त्याच्या दुप्पट क्षमतेचा घ्या. शिवाय तिथली वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० ची, तो फरक ट्रान्सफॉर्मरने जात नाही आणि आतली वस्तू थोडी जास्त तापते.

अडॅप्टर हरवलेल्या सगळ्यांसाठी पण इथेच सांगतो: कॉम्प्युटरच्या जुन्या स्पीकरपैकी बऱ्याच जणांना डीसी नाही तर एसी अडॅप्टर लागतो, म्हणजे आउटपुटसुद्धा एसी. स्पीकरच्या मागे व्होल्टपुढे लाटेसारखी वळणदार रेघ असेल तर एसी, सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ असेल तर डीसी. १२ व्होल्ट बघून दिसेल तो अडॅप्टर लावू नका.

रत्नागिरी

"बाकी सगळं जोडलं, पण आवाज वाढवला की एक स्पीकर फडफडतो. जाळी काढून बघितली तर कोनच्या कडेचा भाग हात लावला की भुगा होतोय."

ती कड फोमची असते आणि कोकणातल्या दमट हवेत तर पंधरा-वीस वर्षांतच तिचा चुरा होतो. कोन आणि वेटोळं चांगलं असेल तर नुसती कड बदलता येते, स्पीकर बदलायचा नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास स्पीकर रिपेअर करणाऱ्यांकडे विचारा, कड रबराची मिळाली तर रबराचीच लावून घ्या, दमट हवेत जास्त टिकते. तोवर तो स्पीकर वाजवू नका, कड नसताना वेटोळं चुंबकाला घासून जातं आणि मग खरंच काही करता येत नाही. जाताना दोन्ही स्पीकर घेऊन जा, दुसऱ्याची कड आज चांगली दिसत असली तरी ती पण त्याच दिवशी बनलेली आहे, आणि डब्यातून काढण्याआधी कुठली वायर कुठल्या टोकाला आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.